वार्नो काकांचे मंगळवार

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. संदेशला सांगितलेलं नाही — नवरा आहे, माझी डेंटिस्टची अपॉइंटमेंटसुद्धा त्याच्या फोनमध्ये असते, पण हे त्याला माहीत नाही. आईला नाही. बहिणीला तर नाहीच नाही, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी तशी बडबडी. मनात आलं की बोलून मोकळी होते, आणि त्याचा मला जरा तोराही आहे. "अर्चनाचं काय ते तोंडावर" असं लोक म्हणतात ना, ते ऐकायला मला आवडतं. आणि तीच मी, हे एवढं पोटात ठेवून, हसतखेळत वावरते आहे. तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

कुठून सुरू करू? वार्नो काकांपासून करते.

काका म्हणजे माझे कुणी लागत नाहीत. ते जावाचे, इंडोनेशियातले. आम्ही डब्लिनला राहायला आलो — ओहायोतलं डब्लिन, कोलंबसला लागून — तेव्हा मी एच-फोरवर होते. म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला लटकलेली, नोकरी करायची परवानगी नाही. पुण्यात माझ्या हाताखाली माणसं होती हो. इथे मी भर दुपारी इंडियन स्टोअरमध्ये कोथिंबिरीच्या जुड्या उगाच उलटसुलट करत उभी असायची. तिथेच यानी मावशी भेटल्या, वार्नो काकांची बायको. चिंचेच्या पाकिटांसमोर गोंधळून उभ्या होत्या, आणि मी सवयीप्रमाणे मध्ये तोंड घातलं की हे नको, ते घ्या, त्यात बिया नसतात. बोलता बोलता कळलं की आमच्या अपार्टमेंटपासून दोन रस्ते सोडून त्यांचं घर. त्यांनी जेवायला बोलावलं. त्यांच्यातही मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, म्हणून मी आपलं काका म्हटलं, मावशी म्हटलं. काकांना ते इतकं आवडलं की पुढे फोनवरसुद्धा ते "काका हिअर" म्हणायला लागले.

त्यांच्या बेसमेंटमध्ये घोडे होते. विणलेल्या बांबूचे, चपटे, रंगवलेले, काळ्या दोऱ्यांची आयाळ लावलेले. तो घोडा दोन पायांमध्ये धरायचा आणि ढोल आणि घंटांच्या ठेक्यावर नाचायचं. जथिलान म्हणतात त्याला. दर शनिवारी सकाळी प्रॅक्टिस असायची. काकांची मुलगी रिनी — तेव्हा हायस्कूलला, ओहायोतच जन्मलेली — तिच्या ओळखीच्या दोन-तीन इंडोनेशियन मुली, युनिव्हर्सिटीतली काही मुलं. आणि मी. मला कुणी बोलावलं नव्हतं, मीच घुसले. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती, आणि शाळेत लेझीम खेळलेली असल्यामुळे ठेका पायात होता. काका म्हणाले, ये.

आता जे सांगते आहे ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. काकांच्या गावी हा नाच नुसता नाच नसतो. नाचता नाचता घोडेस्वाराच्या अंगात येतं. मग तो घोड्यासारखा उधळतो, गवत खातो, नारळ दातांनी सोलतो, काचा चावतो म्हणे, आणि त्याला काही होत नाही. पण त्याला परत माणसात आणायला एक जाणता माणूस लागतो. त्याला पावांग म्हणतात. तो कानात काहीतरी बोलतो, चेहऱ्यावरून फुलांच्या पाण्याचा हात फिरवतो, आणि अंगात आलेलं निघून जातं. काका गावचे पावांग होते. त्यांचे वडीलही होते. "माझ्या हातून परत आलं नाही असं कुणी नाही," असं एकदा म्हणाले, आणि त्यात फुशारकी अजिबात नव्हती, गाडी नीट चालवतो म्हणावं तसं म्हणाले.

अमेरिकेत मात्र त्यांनी ते बंद ठेवलं होतं. इथे फक्त नाच. शोच्या आधी स्टेजच्या मागे ते एका ग्लासात पाणी आणि फुलं ठेवून डोळे मिटून पुटपुटायचे. मी एकदा विचारलं, काका, बोलावताय का त्यांना? तर म्हणाले, नाही, येऊ नका म्हणून सांगतोय. म्हणाले, दुसऱ्यांची मुलं आहेत, पोरींच्या आया माझ्या भरवशावर पाठवतात, आणि इथे सांभाळायला मी एकटा.

आणखी एक सांगायला हवं. माझ्या आत्याच्या अंगात यायचं. आमच्या गावाकडे, सातारा जिल्ह्यात, चैत्रात देवीची यात्रा असते, तेव्हा हमखास. एरवीही, घरात काही बिनसलं की. मी लहानपणी पडवीतल्या खांबाला धरून बघायची. आधी आत्याचे खांदे हलायला लागायचे. मग अंबाडा सुटायचा, सोडायची तीच, पण कळायचं नाही. मग घुमणं, मान गरागरा, आणि मधेच तो हुंकार, पोटातून आलेला. आजोबा एरवी तिला उठताबसता बोलायचे. ते हात जोडून उभे राहायचे. माझे बाबा शाळामास्तर. ते मला बाजूला घेऊन सांगायचे, ढोंग असतं हे, शिकलेल्या माणसाने विश्वास ठेवू नये. विश्वास मी ठेवला नाही. पण बघितलं मात्र सगळं. अगदी बारकाईने बघितलं.

पुढचं तुमच्या लक्षात येत असेल. पण थांबा, मला माझ्या तोंडाने सांगू दे. तेवढं तरी करू दे.

उन्हाळ्यात एका पार्कमध्ये एशियन फेस्टिव्हल असतो. मोठं स्टेज, फूड ट्रक्स, गवतावर घड्या घालायच्या खुर्च्या. आमच्या ग्रुपला संध्याकाळची वेळ मिळाली होती. रिनी पहिल्यांदाच पुढच्या घोड्यावर होती. काकांनी तिला हळूहळू तयार केलं होतं, पुढे हा ग्रुप तूच चालवायचा असं ते तिला सांगायचे, आणि ती डोळे फिरवून "ओके, डॅड" म्हणायची, पण खूश असायची. मी तिच्या मागे. आणि मी काय केलं होतं? सगळ्या गावाला बोलावलं होतं! संदेशला सांगितलं की तुझ्या मॅनेजरला आण. मराठी मंडळातल्या सगळ्यांना मेसेज केले. मंडळातली शलाका, जी मला नेहमी "मग दिवसभर काय करतेस गं?" असं गोड आवाजात विचारायची, तिला तर दोनदा केला. ती पहिल्या रांगेत फोन धरून बसली होती.

आणि मी चुकले. जोडीने डावीकडे वळायचं होतं, मी उजवीकडे वळले. माझ्या घोड्याचं तोंड रिनीच्या घोड्यात घुसलं, बांबू कट्कन मोडला, ती पोर गुडघ्यावर आपटली. ढोलवाला मुलगा क्षणभर थांबला. आणि पहिल्या रांगेत शलाका हसली. फार मोठ्याने नाही. पण मला ऐकू आलं. मी संदेशकडे पाहिलं, तर तो मॅनेजरकडे बघून ओशाळवाणं हसत होता. बायकोबद्दल माफी मागतात ना, तसं.

बस. एवढंच झालं होतं. एक पाऊल चुकलं होतं. सॉरी म्हणून, हसून, पुढे नाचता आलं असतं. कोण लक्षात ठेवणार होतं?

मी गुडघ्यांवर बसले. खांदे हलवायला लागले. केसांचा क्लिप काढला आणि घुमायला लागले.

माझ्या अंगात काहीही आलं नव्हतं. हे मला इथे स्पष्ट सांगायचं आहे. भोवळ नव्हती, ऊन लागलं नव्हतं, मनाचा तोल-बिल काही गेला नव्हता. मी पूर्ण शुद्धीत होते. स्टेजच्या फळीतला खिळा गुडघ्याला टोचत होता, तर मी घुमता घुमता जरा बाजूला सरकले, इतकी शुद्धीत. मी आत्याची नक्कल करत होते, आणि ती चांगली जमत होती.

हसणं थांबलं. केसांमधून मला दिसत होतं — शलाकाचा फोन खाली गेला होता आणि तिने, त्या शहाणीने, चक्क हात जोडले होते. संदेश उभा राहिला होता. आणि मला काय वाटलं असेल? भीती? लाज? मला बरं वाटलं. किती तरी महिन्यांनी सगळे माझ्याकडे बघत होते. लाज मागाहून आली.

मग काका आले. त्यांनी घोडा माझ्या हातातून हळूच सोडवला. चेहऱ्यावरून पाण्याचा हात फिरवला, फुलांचा वास आला. कानाशी येऊन त्यांच्या भाषेत काही म्हणू लागले, शांत, खात्रीच्या आवाजात. तेव्हा थांबता आलं असतं. त्यांच्या हाताखाली डोळे उघडले असते, तर खोटं माझ्यापुरतं राहिलं असतं, आणि त्यांचं काही बिघडलं नसतं. उलट लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण मी थांबले नाही. शलाका बघत होती. अजून थोडं, अजून थोडं असं करत राहिले. काकांनी पुन्हा पाणी घेतलं. पुन्हा कानात म्हटलं. त्यांचा आवाज बदलायला लागला. मग ते इंग्लिशमध्ये बोलायला लागले. माझ्या अंगात जे आलंय ते त्यांच्याकडचं नाही, त्याला त्यांची भाषा कळत नाही, असं त्यांना वाटलं असणार.

म्हणाले, "ही माझी पाहुणी आहे. तुम्हाला कुणी हवंच असेल, तर मला घ्या. हिला सोडा."

आणि मी काय केलं? मी हुंकार दिला. आत्यासारखा, पोटातून.

कुणीतरी नाइन-वन-वन लावला. ॲम्ब्युलन्सवाले काकांना बाजूला करून माझ्याजवळ आले. आता हॉस्पिटल, टेस्ट, आणि टेस्टमध्ये काहीच निघालं नाही तर? मग मी डोळे उघडले. कुठे आहे मी, असंही विचारलं. निर्लज्जपणाची कमाल बघा. काका स्टेजच्या कडेला बसले होते, तो ग्लास हातात धरून, आणि रिनी त्यांच्याकडे बघत होती. लोकांना जे दिसलं ते असं, की काकांना जमलं नाही आणि ॲम्ब्युलन्स आल्यावर बाई शुद्धीवर आली.

दुसऱ्या दिवशी काका आणि यानी मावशी घरी आले. पिवळा भात, उकडलेली अंडी आणि फुलं घेऊन. ते कशाला आले होते माहीत आहे? माफी मागायला. माझी. काका सोफ्याच्या कडेवर बसले आणि म्हणाले की चूक त्यांची आहे, त्यांनी राखण नीट केली नाही, त्यांच्या घोड्यावरून माझ्या अंगात काहीतरी शिरलं आणि ते त्यांना काढता आलं नाही. मग त्यांनी विचारलं, कोण होतं? तुझ्याकडचं कुणी होतं का? कळलं तर मी त्यांची माफी मागेन.

त्या क्षणी सांगायचं होतं. पण संदेश शेजारी बसला होता. आदल्या रात्रीपासून तो माझ्याशी इतका हळुवार वागत होता, स्वतः चहा करून आणला होता. तेव्हा मी म्हणाले, आत्याची देवी असेल. काकांनी मान डोलावली, त्यांना ते पटलं. मग विचारलं, त्यांची नाराजी जायला काय करावं लागतं? आणि माझ्या तोंडात जे आलं ते मी बोलून गेले. म्हटलं, मंगळवारचा उपास करतात.

किती दिवस? असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, देवी सांगेपर्यंत.

असं का म्हटलं? मलाही सांगता येत नाही. आत्या असंच म्हणायची.

काका सोमवार आणि गुरुवारचे उपास आधीपासून करायचे. त्यांच्यात असतात तसे, रोज्यासारखे, दिवसभर पाणीसुद्धा नाही. त्यात मी मंगळवार घातला. त्यांना शुगर आहे, हे मला माहीत होतं. त्यांच्याकडे जेवताना मावशी त्यांच्या पुढून भाताची वाटी सरकवायच्या, ते मी डोळ्यांनी बघितलेलं होतं.

ग्रुप बंद झाला. फेस्टिव्हलवाल्यांनी पुन्हा बोलावलं नाही, आणि पोरींच्या आयांनी पोरी पाठवणं थांबवलं. काकांनी कुणाला अडवलं नाही. ते म्हणाले, ज्याला परत आणता येत नाही त्याने घोडे बाहेर काढू नयेत. घोडे चादरीत गुंडाळून बेसमेंटमध्ये, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या मागे ठेवले. रिनी वडिलांशी बरेच दिवस धड बोलली नाही. एकदा गाडीत मला म्हणाली, "माय डॅड यूज्ड टु बी गुड ॲट दिस." पुढे ती कॉलेजला दुसऱ्या राज्यात गेली. नाचत नाही आता.

आणि मी? माझा भाव वाढला की! मंडळातल्या एक काकू मला किचनमध्ये बाजूला घेऊन विचारून गेल्या, मुलाचं ग्रीन कार्ड कधी होईल, देवीला विचारशील का. शलाका मला अहो-जाहो करायला लागली. मी हसण्यावारी नेलं, पण खोटं आहे असं नाही म्हटलं. नंतर मला वर्क परमिट मिळालं, नोकरी लागली, आम्ही घर घेतलं. काका वास्तुशांतीला आले होते. गुरुजींना दुसरा दिवस नव्हता, म्हणून मंगळवार होता. प्रसादाचा शिरा त्यांनी रुमालात बांधून घेतला.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा त्यांच्या ड्राइव्हवेमध्ये गाडी लावून बसले होते. वाक्य ठरवलेलं होतं. मावशींनी खिडकीतून पाहिलं आणि डबा भरूनच बाहेर आल्या. मी डबा घेतला आणि गाडी रिव्हर्स केली. याला काय प्रयत्न म्हणायचं?

या हिवाळ्यात मावशींचा फोन आला. काका कामावर चक्कर येऊन पडले होते. शुगर एकदम खाली गेली. डोक्याला टाके पडले. डॉक्टर ओरडले, रिनी विमानाने आली, सगळ्यांनी सांगून बघितलं. काकांनी सोमवार सोडला, गुरुवार सोडला. मंगळवार सोडायला तयार नाहीत. म्हणतात, तो माझ्या हातात नाही. मावशी फोनवर रडत नव्हत्या, पण आवाज अगदी लहान झाला होता. म्हणाल्या, अर्चना, तू तुझ्या देवीला विचारशील का? आता पुरे का म्हणून?

मी गेले. वाटेत ठरवलं होतं की आज सांगायचं, काय होईल ते होवो. काका खुर्चीत बसले होते, डोक्याला पट्टी, पण इस्त्रीचा बाटिक शर्ट घातलेला, टोपी घातलेली. माझ्यासाठी नाही. जिला विचारायला मी आले होते तिच्यासाठी. रिनी दारात हाताची घडी घालून उभी होती. तिने माझ्याकडे जसं बघितलं त्यावरून मला वाटतं तिला कळलेलं आहे. किंवा नसेलही.

मी तोंड उघडलं. आणि मग मनात आलं की हे आता सांगितलं तर यांचे सगळे मंगळवार कशासाठी झाले? हा विचार काकांसाठी होता, असं मी स्वतःला तेव्हा सांगितलं. खरं नाही ते. रिनी दारात होती, आणि मला माझ्या घरी परत जायचं होतं, जशी आले होते तशीच.

मी डोळे मिटले. विचारते आहे असं दाखवलं. त्यांना खरं वाटावं म्हणून थोडा वेळ तशीच बसले. मग डोळे उघडून म्हणाले, झालं काका. देवी म्हणते, माफ केलं.

काका रडले. रिनीवर तर राग नाही ना, असं विचारलं. मी म्हटलं, नाही, कुणावरच नाही. त्यांच्यात लहानांनी मोठ्यांचा हात हातात घेऊन कपाळाला लावायचा असतो. काकांनी माझा हात घेतला, वाकून आपल्या कपाळाला लावला, पट्टीच्या जरा खाली, आणि थँक यू म्हणाले.

मी म्हणाले, इट्स ओके.